अपडेटनंतर मंदावलेला फोन : आयफोन ६एस आणि आयओएस १०.२.१ यांचे प्रकरण

‘अपडेट टाकले आणि फोन स्लो झाला’ ही तक्रार मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा तिच्या मुळाशी कोणी जात नाही. मालक नवा फोन घेतो, जुना घरातल्या मुलांकडे किंवा एक्स्चेंजमध्ये जातो आणि विषय तिथेच मिटतो. एका प्रकरणात मात्र हे मूळ शोधले गेले, आकड्यांनी मोजले गेले, कंपनीने ते लेखी मान्य केले आणि पुढे अनेक देशांतील नियामक व न्यायालये यांच्यापुढे त्याची तपासणी झाली. ते प्रकरण म्हणजे ॲपलने आयफोनच्या आयओएस या कार्यप्रणालीसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमसाठी) २०१७ मध्ये आणलेले १०.२.१ आणि ११.२ हे दोन अपडेट, आणि त्यांमुळे मंदावलेले आयफोन ६, ६एस, एसई व ७ या पिढ्यांचे फोन. ‘कंपनीने जुने फोन मुद्दाम बिघडवले’ एवढ्या एका वाक्यात हे प्रकरण सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. माझ्या मते त्या वाक्यामुळे खरा दोष झाकला जातो. फोनचा वेग कमी करण्यामागचा तांत्रिक विचार समजण्यासारखा होता. ज्याचे समर्थन होऊ शकत नाही ते हे की, फोनच्या मालकाला त्याचे कारण सांगितले गेले नाही, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे ज्यांचे काम नव्या बॅटरीत भागले असते त्यांना नवा फोन घेण्यावाचून दुसरा मार्ग दिसला नाही.

अचानक बंद पडणारे फोन

प्रकरणाची सुरुवात मंद फोनांपासून झाली नाही, ती बंद पडणाऱ्या फोनांपासून झाली. २०१६ च्या उत्तरार्धात आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्या अनेकांना असा अनुभव येऊ लागला की, बॅटरी तीस-चाळीस टक्के शिल्लक दिसत असतानाच फोन एकदम स्विच ऑफ होतो आणि चार्जरला लावल्यावर पुन्हा तेवढीच टक्केवारी दाखवत सुरू होतो. चीनमधील ग्राहक संघटनेने नोव्हेंबर २०१६ मध्ये याबाबत कंपनीकडे जाहीर विचारणा केली. त्याच महिन्यात ॲपलने सप्टेंबर व ऑक्टोबर २०१५ मध्ये तयार झालेल्या काही ६एस फोनांच्या बॅटऱ्या मोफत बदलून देण्याची योजना जाहीर केली. या बॅटऱ्यांचा एक घटक जोडणीपूर्वी ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ हवेच्या संपर्कात राहिला होता, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. परंतु त्या दोन महिन्यांच्या उत्पादनाबाहेरचे फोनही बंद पडत होते, याचा अर्थ निर्मितीतील तो एक दोष सगळ्या तक्रारींचे उत्तर नव्हता.

याचे उत्तर बॅटरीच्या वयात आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिच्यात दोन वेगवेगळे बदल होतात आणि सर्वसाधारण वापरकर्त्याला त्यांतला एकच माहीत असतो. पहिला बदल म्हणजे तिची साठवणूक घटते, त्यामुळे पूर्वी दिवसभर पुरणारे चार्जिंग दुपारीच संपते. त्या काळच्या आयफोनच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता टिकवतील अशा बेताने बनवलेल्या होत्या. रोज फोन पूर्ण वापरणाऱ्याच्या बाबतीत ही मर्यादा दीड वर्षाच्या आसपास येते. दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण या प्रकरणात महत्त्वाचा तोच आहे. बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे तिच्या आतून विद्युत्प्रवाहाला होणारा अडथळा, वाढत जातो. अशा बॅटरीकडून प्रोसेसरने क्षणभर जोराचा विद्युत्प्रवाह मागितला की तिचे व्होल्टेज खाली येते. संध्याकाळी गावातले सगळे पंप एकदम सुरू झाल्यावर घरातले दिवे मंदावतात, तोच हा प्रकार आहे. ऊर्जा शिल्लक असते, पण त्या क्षणी लागणारा दाब टिकत नाही. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले तर फोनमधील सुटे भाग बिघडू नयेत म्हणून वीज नियंत्रित करणारी चिप फोनच बंद करते. थंडीत रोध आणखी वाढतो, आणि चार्जिंग कमी असताना व्होल्टेज आधीच उतरलेले असते. म्हणून युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात, अर्धी बॅटरी उरलेली असताना, कॅमेरा उघडल्याबरोबर फोन बंद पडणे हे या दोषाचे ठसठशीत लक्षण ठरले.

हा भाग मी थोडा विस्ताराने सांगितला, कारण तो समजल्याशिवाय पुढच्या अपडेटने नेमके काय केले ते कळत नाही. टक्केवारीचा आकडा खोटा नव्हता आणि फोनही खराब नव्हता. बॅटरीत साठा होता, पण प्रोसेसरची क्षणिक मागणी पुरवण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती.

अपडेटने केलेला उपाय

२३ जानेवारी २०१७ रोजी आयओएस १०.२.१ सर्वांसाठी खुले झाले. सोबतच्या टिपणीत दोषदुरुस्ती आणि सुरक्षा सुधारणा एवढाच उल्लेख होता. पुढच्या महिन्यात कंपनीने सांगितले की, या अपडेटनंतर अचानक बंद पडण्याचे प्रमाण ६एस वर ८० टक्क्यांहून अधिक आणि आयफोन ६ वर ७० टक्क्यांहून अधिक घटले आहे. हे घडले कसे, याविषयी वीजव्यवस्थापनात सुधारणा केल्यापलीकडे काही सांगितले गेले नाही.

प्रत्यक्षात फोन आता बॅटरीचे तापमान, उरलेले चार्जिंग आणि अंतर्गत रोध या तीन गोष्टी सतत पाहत होता आणि गरज वाटेल तेव्हा प्रोसेसर व ग्राफिक्सच्या कमाल वेगाला मर्यादा घालत होता. मागणीचा शिखरबिंदूच छाटला की व्होल्टेज कोसळत नाही आणि फोन बंद पडत नाही. त्याची किंमत वापरकर्त्याला वेगवेगळ्या रूपांत मोजावी लागत होती. ॲप उघडायला वेळ लागे, पडदा सरकवताना अडखळे, प्रकाश आपोआप मंद होई, स्पीकरचा आवाज तीन डेसिबलपर्यंत उतरे आणि अगदी टोकाच्या स्थितीत कॅमेऱ्याचा फ्लॅशही बंद राही. फोनवरच्या बोलण्याचा दर्जा, इंटरनेटचा वेग, छायाचित्रांची प्रत किंवा जीपीएस यांवर परिणाम होत नव्हता. ही सविस्तर माहिती कंपनीनेच दिली, पण ती प्रकरण उघड झाल्यानंतर.

अभियंत्याच्या जागी बसून पाहिले तर हा उपाय वाईट नाही. रस्त्यात, रात्री, एखाद्याला मदतीसाठी फोन करायचा असताना तो बंद पडण्यापेक्षा हळू चाललेला बरा, यावर कोणाचे दुमत होणार नाही. अडचण अशी की, या उपायाने एका रोगाचे ओळखता येणारे लक्षण पुसून त्याच्या जागी न ओळखता येणारे लक्षण आणले. फोन अचानक बंद पडतो तेव्हा मालकाला बॅटरीचा संशय येतो आणि तो सर्व्हिस सेंटर गाठतो. फोन हळू चालतो तेव्हा बॅटरीचा विचारही त्याच्या मनात येत नाही. फोन जुना झाला, नवी ॲप याला झेपत नाहीत, असेच त्याला वाटते. वॉरंटी संपत आलेल्या फोनाच्या बाबतीत तर पहिले लक्षण दिसले असते तर बॅटरी कदाचित विनामूल्य बदलून मिळाली असती. त्यात अपडेट मागे घेण्याची सोयही नव्हती, कारण नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत ॲपल जुन्या आवृत्तीला मान्यता देणे थांबवते आणि मग ती फोनवर पुन्हा चढवता येत नाही.

गुपित आकड्यांनी कसे फोडले

जवळजवळ अकरा महिने ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आयफोन ६एस च्या एका वापरकर्त्याने आपल्या मंदावलेल्या फोनाची बॅटरी बदलली आणि बदलण्यापूर्वीचे व नंतरचे गीकबेंच या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीचे गुण लोकांपुढे ठेवले. प्रोसेसरच्या एकाच गाभ्याचा (कोअरचा) वेग मोजणाऱ्या चाचणीत आधी १४६६ गुण मिळाले होते. बॅटरी बदलल्यावर तोच फोन, त्याच आयओएसवर, २५२६ गुण दाखवू लागला. प्रोसेसर बदललेला नव्हता, सॉफ्टवेअर बदललेले नव्हते, एकच गोष्ट बदलली होती. चांगल्या प्रयोगाची हीच खूण असते आणि तो प्रयोग एका सामान्य ग्राहकाने घरी केला होता, याचे मला आजही विशेष वाटते.

एका फोनावरून निष्कर्ष काढता येत नाही ही शंका रास्त होती. गीकबेंच तयार करणाऱ्या प्रायमेट लॅब्सचे संस्थापक जॉन पूल यांच्याकडे जगभरच्या वापरकर्त्यांनी केलेल्या चाचण्यांचा साठा होता. त्यांनी १८ डिसेंबर २०१७ रोजी आयफोन ६एस आणि आयफोन ७ यांच्या गुणांचे आलेख आयओएसच्या आवृत्तीनुसार वेगळे करून प्रसिद्ध केले. १०.२ आवृत्तीवर ६एस चे गुण एकाच उंच शिखराभोवती गोळा झालेले दिसत होते, म्हणजे बहुतेक सगळे फोन एकाच वेगाने चालत होते. १०.२.१ वर त्या शिखराच्या डावीकडे, कमी गुणांच्या बाजूला, आणखी लहान शिखरे उगवली आणि ११.२ वर ती अधिक ठळक झाली. आयफोन ७ च्या बाबतीत ११.१.२ पर्यंत आलेखात फरक नव्हता, ११.२ वर त्यातही तीच शिखरे आली.

या आलेखांचा पुरावा म्हणून जो भार आहे, तो शिखरांच्या वेगळेपणात आहे. बॅटरी जुनी झाल्याने फोन आपोआप हळू होत असते तर गुण सावकाश पसरले असते आणि आलेख उताराचा दिसला असता. ठरावीक अंतरावर स्वतंत्र शिखरे दिसणे याचा अर्थ वेगाच्या ठरावीक पायऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आखून दिलेल्या होत्या. शिवाय ती शिखरे विशिष्ट आवृत्तीपासूनच सुरू होत होती. पूल यांनी तेव्हाच नोंदवले होते की, कारण लपवून वेग कमी केल्याने लोक बॅटरी बदलण्याऐवजी फोन बदलायला प्रवृत्त होतील.

दोनच दिवसांनी, २० डिसेंबरला, ॲपलने हे मान्य केले. आयफोन ६, ६एस आणि एसईसाठी ही सोय आधीच्या वर्षी आणली होती आणि ११.२ मधून ती आयफोन ७ ला लागू केली, असे निवेदन आले. २८ डिसेंबरला कंपनीने ग्राहकांना उद्देशून पत्र काढून क्षमा मागितली, फोनचे आयुष्य मुद्दाम कमी करण्यासाठी आपण काहीही केलेले नाही असे ठामपणे सांगितले, आणि आयफोन ६ व त्यापुढच्या फोनांसाठी वॉरंटीबाहेरच्या बॅटरी बदलाचा दर २०१८ च्या अखेरपर्यंत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. भारतात हाच दर करांव्यतिरिक्त सुमारे ६,५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर आला.

या सवलतीचा परिणाम वर्षभराने हिशेबात दिसला. २ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे मुख्य कार्यकारी अधिकारी या नात्याने टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या महसुलाचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरवरून ८४ अब्ज डॉलरवर उतरवला. त्यासाठी त्यांनी मुख्यतः चीनमधील मंदीकडे बोट दाखवले, परंतु अपेक्षेपेक्षा कमी लोकांनी नवे आयफोन घेण्यामागे स्वस्त बॅटरी बदल हेही एक कारण दिले. कंपनीच्या या कबुलीचे वजन मला क्षमापत्रापेक्षाही अधिक वाटते. योग्य माहिती आणि योग्य दर मिळाल्यावर लोक जुना फोन ठेवणे पसंत करतात, हे तिच्यातून उघड झाले. आणि माहिती नव्हती त्या अकरा महिन्यांत किती जणांनी नाइलाजाने नवा फोन घेतला असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

हेतू, वगळलेली माहिती आणि दंड

फ्रान्समध्ये २०१५ पासून वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी करणे हा गुन्हा आहे. तेथील हॉप या संघटनेने डिसेंबर २०१७ मध्ये त्याच कलमाखाली तक्रार केली आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो भरावे लागले, पण ते आयुष्य कमी केल्याच्या आरोपावरून नाही. अपडेटमुळे फोन हळू होऊ शकतो ही माहिती ग्राहकाला दिली नाही, म्हणजे आवश्यक गोष्ट वगळून दिशाभूल केली, या मुद्द्यावर ते प्रकरण मिटले. कंपनीला आपल्या फ्रेंच संकेतस्थळावर महिनाभर तसे निवेदनही लावावे लागले. कंपनीचा हेतू सिद्ध करणे किती अवघड असते आणि वगळलेली माहिती सिद्ध करणे किती सोपे असते, हे या निकालावरून ध्यानात येते, म्हणून मी ‘मुद्दाम बिघडवले’ या भाषेपेक्षा ‘सांगितले नाही’ या भाषेवर भर देतो.

इटलीच्या स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्येच ॲपलला एक कोटी युरो दंड केला होता. त्यातला अर्धा भाग ग्राहकांना अपडेट घेण्यास आग्रहाने भाग पाडल्याबद्दल होता आणि अर्धा बॅटरीचे आयुष्य, तिची निगा व बदल यांविषयी पुरेशी माहिती न दिल्याबद्दल. त्याच दिवशी सॅमसंगलाही पन्नास लाख युरो दंड झाला, कारण नोट ७ साठी घडवलेले अँड्रॉइड मार्शमॅलो हे अपडेट जुन्या नोट ४ वर घेण्यास लोकांना सुचवले गेले आणि त्याने ते फोन बिघडले. दोन्ही निर्णयांत पूर्वस्थितीला परतण्याचा मार्ग नसणे हा मुद्दा होता.

अमेरिकेत सामूहिक दाव्यात मार्च २०२० मध्ये ३१ ते ५० कोटी डॉलरची तडजोड ठरली. कंपनीने चूक मात्र कबूल केली नाही. दाव्यांची पडताळणी आणि अपिले होऊन जानेवारी २०२४ मध्ये प्रत्येक दाव्यामागे सुमारे ९२ डॉलर हातात पडले. याशिवाय नोव्हेंबर २०२० मध्ये तीसहून अधिक राज्यांशी ११.३ कोटी डॉलरचा वेगळा समझोता झाला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला त्याच्या आयफोन ६एस साठी ही रक्कम मागता आली. त्याच मॉडेलचा, त्याच अपडेटने मंदावलेला फोन पुण्यात वापरणाऱ्या त्याच्या भावाला ती मागता आली नाही, कारण तडजोड अमेरिकेतील मालकांपुरतीच होती.

आपल्याकडची परिस्थिती

आपल्याकडे या प्रकरणाला काही वेगळ्या बाजू आहेत. २०१७ मध्ये आयफोन ६ ची ३२ जीबीची आवृत्ती भारतात नव्याने विक्रीस आली होती, त्याच वर्षी बेंगळुरूत आयफोन एसईची आणि २०१८ मध्ये ६एस ची जुळणी सुरू झाली. इतरत्र मागे पडलेली हीच मॉडेले आपल्याकडे ‘परवडणारा आयफोन’ म्हणून, नवी आणि सेकंडहँड अशा दोन्ही रूपांत, घरोघरी पोहोचत होती. सेकंडहँड फोनाची बॅटरी मुळातच वापरून झालेली असते, त्यामुळे वेगमर्यादेचा फटका अशा फोनाला आधी बसतो.

हवामानाचाही विचार करायला हवा. ॲपलच्या सूचनेप्रमाणे आयफोन ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावा आणि त्याहून अधिक उष्णतेने बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेथे दुचाकीवर मोबाइल लावून रस्ता पाहणाऱ्याच्या फोनाची बॅटरी झपाट्याने म्हातारी होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. युरोपात थंडीने लक्षण उघड केले. आपल्याकडे उष्णता त्याची पूर्वतयारी करते. २०१८ मध्ये ॲपलचे स्वतःचे दुकान भारतात नव्हते; मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातले पहिले दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडले. सवलतीतली बॅटरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच मिळत होती आणि तालुक्याच्या गावाहून तिथे जायचे तर एक दिवसाची रजा आणि प्रवासखर्च त्या २,००० रुपयांत मिळवावा लागे.

कायद्याची बाजूही तेव्हा दुबळी होती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक मंचाकडे दाद मागता येत होती, पण सर्व ग्राहकांच्या वतीने स्वतःहून चौकशी करणारी केंद्रीय यंत्रणा नव्हती. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केले आणि जुलै २०२० पासून ते कामाला लागले. जानेवारी २०२५ मध्ये, आयओएस १८ च्या अपडेटनंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्यावर, या प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवून उत्तर मागितल्याचे केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले. त्या तक्रारींचे कारण बॅटरीच होते असे मी म्हणत नाही. पण अपडेटनंतरच्या तक्रारी १९१५ या क्रमांकावर एकत्र नोंदल्या जाणे आणि त्यांची दखल सरकारी पातळीवर घेतली जाणे, ही २०१७ मध्ये नसलेली वाट आता आहे.

आज तेच लक्षण दिसले तर

२९ मार्च २०१८ रोजी आलेल्या आयओएस ११.३ ने सेटिंग्जमधील बॅटरीच्या विभागात दोन गोष्टी दाखवायला सुरुवात केली : बॅटरीची उरलेली कमाल क्षमता, आणि फोन पूर्ण वेगाने चालू शकतो की त्याच्यावर मर्यादा आली आहे याचे स्पष्ट वाक्य. या प्रकरणाचे सर्वांत टिकाऊ फलित कोणते असे मला विचारले तर मी दंडांऐवजी हा पडदा दाखवीन.

मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस कोणताही फोन तापतो आणि अडखळतो, कारण छायाचित्रांची व शोधाची अनुक्रमणी (इंडेक्सिंग) आतल्या आत नव्याने होत असते. तो काळ जाऊ द्यावा. साठवणुकीची जागा भरत आली असेल तर ती मोकळी करावी. त्यानंतरही मंदपणा टिकला, विशेषतः चार्जिंग कमी असताना तो वाढत असला, तर बॅटरीचा हा विभाग उघडून क्षमतेच्या आकड्याच्या जोडीने त्याखालचे वाक्य वाचावे. क्षमता ८५ टक्के असूनही रोध वाढलेला असू शकतो आणि ८० टक्क्यांखालीही मर्यादा लागलेली नसू शकते. मर्यादा लागली असेल तर ती बंद करण्याची सोय तिथेच आहे, पण ती जपून वापरावी : बंद केल्यावर फोन पुन्हा एकदा अचानक बंद पडला की मर्यादा आपोआप परत लागू होते, आणि मधल्या काळात महत्त्वाच्या क्षणी फोन दगा देऊ शकतो. बॅटरी बदलल्यावर मर्यादा उठते. नव्या फोनाचे पैसे खिशातून काढण्यापूर्वी बॅटरीचा दर विचारून घ्यावा, आणि जुना फोन विकत घेताना हा पडदा विक्रेत्याकडून समोर उघडून घ्यावा.